मागच्या ब्रेकचा दोर

डोमा मारभतेच्या गाडीला दोन ब्रेक होते आणि दोन्ही हातात होते. चिचबोडीत याचं कोणाला नवल उरलं नव्हतं. उजव्या मुठीत पुढच्या चाकाचा ब्रेक, तो तर सगळ्यांच्याच गाडीला असतो. पण डावीकडे, क्लचच्या खाली, सुनिल मिस्त्रीने एका भंगार स्कूटरची दांडी बसवून दिली होती आणि तिची तार टाकीखालून मागच्या चाकापर्यंत नेली होती. कंपनीचा पायाचा ब्रेक त्याने काढून डोमाच्याच हातात दिला होता. "फेकू नोको, भाऊ. असू दे घरी," म्हणाला होता. तो ब्रेक सहा वर्षं चुलीमागच्या खुंटीला टांगलेला होता, धुराने काळा पडलेला.

सहा वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत रानडुकराने डोमाची उजवी पोटरी टाचेपर्यंत फाडली. जखम भरली, पण टाचेवरची शीर तुटली ती तुटलीच. पाय दिसायला पाय होता. चालताना तो पुढे फेकावा लागायचा, आणि खाली दाबायचा म्हटलं तर अंगठ्याखाली मुंगीसुद्धा मेली नसती. त्याच्या बायकोला, प्रेमिलाला, तेव्हा वाटलं होतं, संपलं आता. ढिवराच्या घरात मासळी पकडणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं विकणं. जंगलापलीकडची पाच गावं डोमाच्या घरची होती, त्याच्या आजापासूनची. दुसऱ्या घरचा माणूस तिथे टोपली घेऊन जात नसे. मात्र सलग तीन बाजार चुकले की गाव सुटलं, मग ते ज्याने धरलं त्याचं. सायकलने जायचे दिवस कधीच गेले होते. वाघ निघाल्यापासून त्या जंगलातून पायी किंवा सायकलवर कोणी शहाणा जात नव्हता. सुनिलच्या त्या दांडीने घर उभं ठेवलं होतं, आणि प्रेमिला दिवाळीत गाडीची पूजा करताना आधी त्या दांडीला कुंकू लावायची.

फाल्गुन लागला. तलावाचं पाणी कमरेपर्यंत उतरलं आणि महाजाळ पडू लागलं. गावातली जवान पोरं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. प्रेमिलाचा मुलगा सूरजही बायकोला घेऊन तिकडेच. त्यामुळे दोरावर बायाच जास्त. प्रेमिलाला त्याचं काही वाटत नसे. दहा वर्षांची असल्यापासून तिने बापाच्या मागे उभं राहून जाळ्याचा दोर ओढला होता. बाप शिकवायचा, दोर ओढत राहायचा, पण झटका बसला की लगेच ढील द्यायची. पाण्यात खोड असतं, खडक असतो. तेव्हा ओढलं तर जाळं फाटतं आणि वर्षाची मासळी निघून जाते. ढील द्यायला उशीर झाला की बाप ओल्या दोराचा फटका मनगटावर द्यायचा. पन्नाशी उलटली तरी प्रेमिलाचं मनगट ते विसरलं नव्हतं. डोकं कुठेही असो, झटका आला की हात सैल पडायचेच.

अशाच एका सकाळी डोमा रोहू आणि कतला भरून निघाला आणि नाक्यावर पोलिसांच्या जमादाराने त्याला थांबवलं.

"कागद दाखव गा."

डोमाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. जमादाराने बोटाने तारीख चाचपली. "पंधरा वर्षं झाले ना बापा गाडीले. हे कागद मेले. नवीन करून आण."

"कुठी भेटते जी?"

"तालुक्याले कॅम्प लागते दर गुरुवारी. साहेब गाडी पाहते, पास करते. आज जाऊ देतो. पुढच्या खेपेले गाडी इथीच ठेवून घेईन. मंग पिंपळाखाली सडते, पाह्यलं ना तू?"

डोमाने पाहिल्या होत्या. नाक्यामागच्या पिंपळाखाली जप्तीच्या गाड्यांतून गवत उगवलं होतं.

गुरुवारी दोघंही गेली. प्रेमिलाला काम नव्हतं, पण कागदाच्या जागी डोमाला एकटं सोडायचं तिच्या जिवावर यायचं. सरकारी माणसासमोर हा माणूस नाही तिथे हो म्हणायचा.

मैदानात चुना टाकून रेघा मारल्या होत्या. तीस-पस्तीस गाड्यांची रांग, वर उन्हाचा कहर. तपासणीचे साहेब तरुण होते, डोक्यावर टोपी, हातात मोबाईल. हॉर्न वाजवला, वाजला. दिवा लावला, लागला. मग ते खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हे काय आहे?"

"मांगचा ब्रेक हाय जी," डोमा म्हणाला.

"मागचा ब्रेक पायात असतो."

"आमचा हातात हाय."

रांगेतले दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी स्वतः गाडीवर बसून मैदानाला एक फेरी मारली, चुन्याच्या रेघेजवळ डावी दांडी दाबली. गाडी रेघेवर थांबली, बोटभरही पुढे गेली नाही. प्रेमिलाचा जीव सुपाएवढा झाला.

"ब्रेक उत्तम आहे," साहेब उतरत म्हणाले. "ज्याने केलाय त्याच्या हातात कसब आहे. पण पास करता येणार नाही. इथे मोबाईलवर विचारतात, मूळ रचनेत बदल आहे का. हो म्हटलं की गाडी नापास."

डोमा मान हलवत उभा राहिला. आता हा "ठीक हाय जी" म्हणणार, हे प्रेमिलाने ओळखलं. तिने पुढचा-मागचा विचार केला नाही. ती खाली बसली आणि सगळ्या रांगेसमोर नवऱ्याच्या पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर केला.

"साहेब, पाय पाहा ना त्याईचा. ह्या पायानं कसा दाबावं? तुम्हीच सांगा."

पोटरीचा खड्डा, त्यावरची गुलाबी तकतकीत कातडी सगळ्यांनी पाहिली. डोमा कुठेतरी दूर, मैदानाच्या कुंपणाकडे पाहू लागला. सहा वर्षांत त्याने तलावावरसुद्धा कोणाला तो पाय उघडा दाखवला नव्हता.

साहेबांनी तोंड फिरवलं. आवाज खाली करून म्हणाले, "बाई, हे मला दाखवू नका. मी पाहिलं असं झालं, तर यांच्या लायसन्सचाही प्रश्न येईल. अशा पायाला वेगळी परवानगी लागते. डॉक्टरांचा दाखला, जिल्ह्याला अर्ज, मग लायसन्सवर नोंद, मग गाडीची."

"किती दिस लागते जी?"

"तीन महिने. चारही लागतील."

"तवापर्यंत तलाव आटते, साहेब."

साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर प्रेमिलाला जास्त हताश वाटलं. वाईट माणसाला निदान घरी येऊन शिव्या तरी घालता येतात. त्यांनी दांडीचा, तारेचा फोटो काढला. "हे काढून कंपनीचा ब्रेक बसवा आणि पुढच्या गुरुवारी या. पण ही तार पुन्हा दिसली तर गाडीही जाईल आणि ज्याने बसवली त्याचं दुकानही."

सुनिलने तार काढली. चुलीमागचा काळा ब्रेक रॉकेलमध्ये बुडवून घासला, बसवला, पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "सहा वर्षांत एक डाव बी फेल नाई गेली ती तार. आता सहीसलामत गाडी मोडून पास कराची म्हंते."

त्या आठवड्याचे बाजार बुडवून डोमा अंगणात सराव करत राहिला. पायात जोर नव्हता, पण मांडीत होता. उजव्या हाताने पँट धरून मांडी वर उचलायची आणि अख्खा पाय ब्रेकवर टाकून द्यायचा. दहातून सहा वेळा ब्रेक लागायचा. दोनदा पाय घसरून नुसता लोंबकळायचा. बाकी दोनदा ब्रेक लागायचा, पण हँडल सोडलेलं असल्यामुळे गाडी बाभळीच्या कुंपणात.

दुसऱ्या गुरुवारी गाडी सुनिलने चालवत नेली आणि मैदानाच्या बाहेर डोमाच्या हाती दिली. डोमा बसला. चुन्याच्या रेघेपर्यंत हळू गेला, मांडी उचलली, पाय टाकला. गाडी थांबली. साहेबांनी मांडी उचललेली पाहिली, हे प्रेमिलाने पाहिलं. पण साहेब मोबाईलच्या काचेत डोकं घालून बराच वेळ काही शोधत राहिले. मग म्हणाले, "ब्रेक कार्यक्षम. पास." आणि कागद देताना हळूच, "सांभाळून जा, काका."

डोमाने पेढे घेतले. गाडी पास झाली होती. चालवणारा मात्र नापास झाला होता, ते बसस्टँडवर पेढा खाताना दोघांनाही कळत होतं.

"दांडी लाव ना गा परत," घरी आल्यावर प्रेमिलाने सुनिलला विनवलं.

"वयनी, फोटो हाय त्याईच्यापाशी. नाक्यावर बी सांगून ठेवलं असन. माहं दुकान म्हंजे एक टपरी. सील कराले कुलूप बी लागत नाई, नुसती लाथ मारली तरी बंद होते."

बिचाऱ्याचं खोटं नव्हतं.

पहिल्या बाजाराला, कोसंबीला, डोमा एकटा निघाला, निव्वळ पुढच्या ब्रेकच्या भरवशावर. मागे मासळीचं वजन, उतार, त्यावर मुरूम. पुढचा ब्रेक दाबताच चाक घसरलं. गावकऱ्यांनी त्याला आणून सोडलं तेव्हा कोपर सोललेलं होतं आणि निम्मी मासळी मातीत लोळलेली. सलग दुसरा बाजार चुकला. संध्याकाळी शेजारची साधना सहज बोलल्यासारखं बोलली, "आमचे हे म्हणत होते, कोसंबीच्या लोकाईनं विचारलं, डोमा नाई आला तर कोण येते?" प्रेमिला नुसती हसली. अजून एक बाजार, की कोसंबी गेलं.

दुसऱ्या दिवशी जाळं वाळत घालताना तिला सुचलं. तिने जाळ्याचा जुना दोर कापून घेतला, गाडीपाशी बसली. मागच्या चाकावर ब्रेकचा एक लोखंडी कान असतो, तो पुढे ओढला की चाक धरतं. तार काढताना सुनिलने तो दाखवला होता. तिने त्याला फास घातला, दोर उजवीकडच्या पायठेवणीखालून घेतला आणि वर ओढला. चाक जागच्या जागी धरलं.

"अवो," तिने हाक मारली. "तुम्ही समोर चालवा. मी मांग बसून ओढतो."

डोमाने दोर एकदा ओढून पाहिला. "लोक हासतीन वं."

"पाय उघडा केला तवाच हासून झालं लोकाईचं."

दोर उजवीकडे, म्हणून एका बाजूला पाय सोडून बसणं जमेना. पन्नाशीची बाई लुगड्याचा काष्टा मारून, मागे मासळीच्या डब्याला टेकून, पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली. गावभर तमाशा झाला. पारावरचे म्हातारे म्हणाले, "प्रेमिला, लगाम लावला का डोमाले?" ती म्हणाली, "तुमच्या बायकांनी बी लावला असता तर बरं झालं असतं." 

डोमा म्हणायचा, "ओढ," आणि ती ओढायची. "हलका," म्हणाला की हलका. दोन दिवसांत तेही सांगावं लागेना. त्याची पाठ किंचित ताठ झाली की तिला कळायचं, पुढे वळण आहे. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण दोघं मिळून एका गाडीचे पाय-हात होण्यात काही वेगळीच जवळीक होती, आणि प्रेमिलाला त्या दिवसांत कधीकधी उगाच हसू फुटायचं. घरी आल्यावर उजव्या तळहातावर दोराचा लाल वळ उठलेला असे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोमा त्यावर मोहाचं तेल चोळून द्यायचा, सकाळपर्यंत वळ उतरलेला असे.

नाका दिसला की उतरून ती फास सोडवायची आणि दोर ओटीत घ्यायची. आतून धास्तावलेली असायची, पण चेहरा साळसूद. जमादाराने नवा कागद पाहिला, खाली वाकून पायाचा ब्रेक पाहिला. "हां. आता कशी कायद्यात आली गाडी!" म्हणाला आणि एक रोहू बाजूला काढायला सांगितला. कोसंबीचा बाजार झाला. डोंगरटोल्याचा झाला. पाचही गावं हाती राहिली.

नवव्या दिवशी सकाळी दोघं मुरपारच्या उताराला लागली. उतार संपतो तिथे नाल्यावरचा ठेंगणा पूल, रपटा, त्याच्या अलीकडे मोहाची झाडं. फुलं पडायचे दिवस होते. झाडांखालचा पाचोळा जाळून बायांनी जमीन स्वच्छ केली होती, हवेत त्या फुलांचा गोड, जड वास. डोमाची पाठ ताठ झाली. प्रेमिलाने दोर ओढला. गाडी ऐकू लागली, नेहमीसारखीच.

तेवढ्यात डावीकडच्या झाडाआडून एक म्हातारी मोहाची टोपली डोक्यावर घेऊन रस्त्यात आली. टोपली धरलेल्या हातामुळे तिला गाडी दिसली नसावी.

"ओढ! ओढ वं!" डोमा ओरडला.

प्रेमिलाने दोर दोन्ही हातांनी धरून ओढला, अंगातलं होतं नव्हतं तेवढं ओढला. चाक धरलं. आणि त्याच क्षणी गाडी एका चरीत गेली. नळाच्या पायपासाठी कोणीतरी रस्ता आडवा खणून गिट्टीने बुजवला होता, काल ती चर नव्हती. मागचं चाक उडालं आणि दोराला असा झटका बसला, जसा पाण्यातल्या खोडाला जाळं अडकल्यावर बसतो.

तिचे हात सैल पडले. तिने ठरवलं नाही. तिला कळलंसुद्धा नाही. दोर ढिला पडला, गाडी सुटली, डोमाने म्हातारीला चुकवायला हँडल वळवलं आणि रपट्याचा दगड समोर आला.

प्रेमिला गवतात पडली होती. तिला काही झालं नव्हतं. मोहाची फुलं आणि मासळी रस्ताभर एकत्र सांडली होती. गाडी डोमाच्या डाव्या पायावर होती. त्याच्या चांगल्या पायावर. गुडघ्याच्या वर पाय जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

म्हातारीचं नाव मंगली. घाबरून ती आधी टोपलीच शोधत राहिली, मग धावत आली. दोघींनी मिळून गाडी उचलली. मंगलीने कमरेचा विळा काढला, बांबूच्या दोन कामट्या तासल्या आणि बांधायला काही दिसेना तेव्हा चाकावरचा दोर कापून त्याने डोमाचा पाय आवळला. बांधता बांधता म्हणाली, "गाडीले ब्रेक नाई का बाई तुमच्या?"

प्रेमिलाने गाठीवर बोट दाबून धरलं.

वाटेने आलेल्या एका जीपमध्ये डोमाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम. मग त्याने डोळे उघडले आणि विचारलं, अगदी साध्या आवाजात, पाणी मागावं तसं, "काऊन ढील देल्ली वं?"

त्यात राग नव्हता. राग असता तर तिला रडता आलं असतं.

दवाखान्यात नर्सने दोर कात्रीने कापला आणि रक्ताच्या कापसाबरोबर बादलीत टाकला. पायात सळई टाकावी लागेल, इथे होत नाही, गडचिरोलीला न्या, म्हणाले. तिकडे नेणारी रुग्णवाहिका यायची होती. प्रेमिला व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती तेव्हा नाक्यावरचा जमादार आला. त्याच्या हातात कागद होते, आणि डोमाची ती प्लास्टिकची पिशवी.

"वाईट झालं, बाई," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "दोन शब्द लिहून घ्या लागते. गाडी जोरात होती का?"

"नाई."

"मंग ब्रेक मारला नाई का त्यानं?"

"ब्रेक मी मारत होतो."

जमादाराने पेन थांबवलं.

"दोर होता," प्रेमिला म्हणाली. "त्याईचा पाय चालत नाई. मी मांगून दोर ओढत होतो. चरीत झटका बसला अन् मी ढील देल्ली. चूक माही हाय. त्याईची नोका लिहू."

"कोणता दोर? मी गाडी पाह्यली ना. दोरगिर काई नाई." त्याने पिशवीतला कागद काढून तिच्यासमोर धरला, जणू तिला वाचता येत होतं. "हे पाहा. पंधरा दिवसांचा कागद. ब्रेक कार्यक्षम. गाडीत खोट नाई. गाडीत खोट नाई म्हंजे चालवणाऱ्याची खोट. मांग बसलेला माणूस कसा ब्रेक मारन, बाई? तुमचं डोकं ठिकाणावर नाई सध्या."

"खरं सांगतो, जमादारभाऊ. माह्या हातात होता. पाहा, हात पाहा माहा. रोज वळ उठते."

तिने उजवा हात पुढे केला आणि मूठ उघडली. जमादाराने पाहिलं. मग तिनेही पाहिलं.

दोर शेवटपर्यंत धरून ठेवला असता तर वळ उठला असता. तळहात स्वच्छ होता. जमादार वही उघडून लिहू लागला, "चालकाचा निष्काळजीपणा," आणि प्रेमिला आपला तो हात तसाच पुढे धरून बसून राहिली.